समासातला सदतिसावा निरोप

या जयराजाला काय म्हणावं, मित्रांनो? बाप जिवंत असताना यानं मला कधी हातात धरलं नाही. आज बापाच्या शवपेटीत, त्याच्या छातीवर मला अलगद ठेवलं आणि मोकळा झाला. वर पाळकांना म्हणतो कसा, "नानांचं आवडतं पुस्तक. त्यांच्यासंगंच जाऊ दे."

मी लूकच्या शुभवर्तमानाची एक जुनी प्रत आहे. पाठ उसवली माझी, पण माझा लिहिणारा ऐरागैरा नव्हता. लूक वैद्य होता म्हणतात. प्रभूला त्यानं स्वतः पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांना विचारलं, पारखून घेतलं आणि थियफिल नावाच्या माणसासाठी सगळं ओळीनं लिहून काढलं. पुढं प्रभूची वार्ता गावोगाव सांगणारा त्याचा सोबती पौल कैदेत पडला, बाकीचे पांगले. लूक तेवढा जवळ राहिला.

आमचे नानासो सांगलीच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते. करोनाच्या साली माणसं धापा टाकत मरत होती आणि घरच्यांना आत सोडत नव्हते. नानासोंनी माझ्याच समासात पेन्सिलीनं त्यांचे शेवटचे निरोप लिहिले. सदतीस. त्यातले छत्तीस घरोघर जाऊन वाचून दाखवले.

सदतिसावा कुतुबुद्दीन गवंड्याचा, शिरवळच्या बायकोला. "सुरय्या, पोटातलं जे होईल त्याचं नाव तूच ठेव. माझी वाट बघू नको."

तिचा फोन लागेना. जायला निघाले, तर नानासोंना अर्धांगवायूनं गाठलं. अंथरुणातून पोराला म्हणायचे, "जा रं, वाचून ये." हा म्हणायचा, "रविवारी जातो." असे पाच वर्षांचे रविवार गेले. मला कापडात गुंडाळून जपू नका, मित्रांनो. माझ्यात लिहिलेलं ज्याचं त्याला पोचवा.

झाकण लावायला माणसं वाकली, तेवढ्यात नानासोंची बायको अंबूबाई उठली. वाचता फारसं येत नाही तिला, पण माझं ते पान तिला बरोबर सापडतं. नवऱ्याच्या गार हातांखालून तिनं मला ओढून काढलं.

"आई, लोक बघत्यात," जयराज पुटपुटला.

"बघू देत की! बापाच्या मायेनं ठेवलंस व्हय रं हे? तुझी लाज पुरायला ठेवलंस. त्या बाईचं पोर आता शाळंत जात असंल, अन् नवरा काय बोलून गेला ते तिला अजून ठावं न्हाई. धर हे. ह्यांच्या पेटीवर तुझी मूठ पडायची न्हाई. आदी शिरवळ. वाचून ये, मग माती टाक."