दुसरं उत्तर

सिद्धराम कोरे यांना फोन करायची धास्ती वाटे. आलेला फोन ते घेत, पण स्वतःहून नंबर लावायचा म्हटलं की ते उद्यावर ढकलत. लातूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटांच्या मागे त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही माणसांशी बोलण्यापेक्षा पुस्तक उघडणं त्यांना सोपं जाई. नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यांचं सुडोकू कोडं छापून येई. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या, आणि त्यात नऊ छोटे चौकोन. प्रत्येकात एक ते नऊ आकडे एकेकदाच आले पाहिजेत. खाली बारीक अक्षरात ‘कोडेकार : सिद्धराम कोरे’ असं असे. नाव शुद्ध छापलंय ना, एवढं पाहून ते पान मिटून ठेवत. आपल्याला खरोखर कोडी करता येतात की आजवर नशिबानं निभावलं, याचा उलगडा त्यांना कधी झाला नव्हता.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. गल्लीत टँकर लागला की बायका, गडी, पोरं सगळी पाइप घेऊन धावत. मागच्या आठवड्यात दोन घरांनी एकाच पाइपावर हक्क सांगितला आणि एकीच्या कपाळावर घागर बसून टाके पडले होते. सिद्धरामांनी ते खिडकीतून पाहिलं होतं. खाली उतरून मध्ये पडायला हवं होतं, हे त्यांना नंतर सुचलं.

अशात पुरवणी पाहणाऱ्या ताहेरभाईंचा नांदेडहून फोन आला.

“आप्पा, काय करून राहिले? ऐका, उदगीर जिल्हा होणार म्हणून मालक तिकडं वेगळी आवृत्ती काढून राहिलेत. जिल्हा होईल तेव्हा होईल, पेपर आधी खपला पाहिजे. तर या रविवारच्या तुमच्या कोड्याला बक्षीस ठेवलंय.”

“कशाचं?”

“टँकर! पाच हजार लिटर. ज्याचं बरोबर उत्तर व्हॉट्सअॅपवर पहिलं येईल, त्याच्या दारात. जरा कडक बनवा बरं का. येरागबाळ्यानं सोडवलं तर मजा न्हाई.”

सिद्धरामांची कोडं करायची रीत साधी होती. आधी सगळ्या चौकटी बिनचूक भरायच्या, मग एकेक आकडा पुसत जायचं. जितकं पुसाल तितकं कोडं अवघड. पण त्याला मर्यादा आहे. एक आकडा जास्त पुसला गेला तर कोड्याला दोन उत्तरं निघू शकतात, आणि तसं कोडं म्हणजे फसवणूक. एरवी ते हात आखडता घेत. या वेळी ताहेरभाईंचं ‘कडक’ कानात होतं, म्हणून झाल्यावरही त्यांनी आणखी एक आकडा पुसला.

पुसला आणि खोडरबर खाली ठेवलं. आजवर कोडं चुकलं असतं तर कुणी हसलं असतं, एवढंच. या वेळी छापील उत्तराशी जुळेल त्यालाच पाणी मिळणार होतं. दुसरं उत्तर निघत असेल तर बरोबर सोडवणाऱ्यालाही आपण ‘चूक’ म्हणून परत पाठवणार.

म्हणून त्यांनी मुलानं पुण्याला जाताना ठेवून दिलेला जुना कॉम्प्युटर सुरू केला. पुस्तकावरून पायथन ही संगणकाची भाषा शिकता शिकता त्यांनी सुडोकू सोडवणारा एक प्रोग्रॅम लिहीत आणला होता. रिकामी चौकट दिसली की त्यानं चालेल असा पहिला आकडा भरायचा आणि पुढच्या चौकटीसाठी स्वतःलाच हाक मारायची. ती हाक पुन्हा पुढच्या चौकटीसाठी स्वतःला हाक मारणार. कुठं कुठलाच आकडा बसेना झाला की एक पाऊल मागं यायचं, भरलेला आकडा पुसायचा, पुढचा लावून बघायचा. सुरुवातीला हे पुसणंच लिहायचं राहिलं होतं. चुकीचे आकडे तसेच पडून राहत आणि प्रोग्रॅम सोप्यातल्या सोप्या कोड्यालाही ‘उत्तर नाही’ म्हणे. आपल्याच्यानं हे होणार नाही, असं म्हणून सिद्धरामांनी दोनदा पुस्तक मिटलं आणि दोन्ही वेळा पुन्हा उघडलं होतं. आता मात्र तो सुरळीत चालत होता.

शुक्रवारी त्यांनी कोडं त्यात घातलं. उत्तर आलं, आणि ते त्यांनी भरलेल्या चौकटींशी तंतोतंत जुळलं. त्यांनी कोडं नांदेडला पाठवून दिलं. शिवगंगाबाईंना म्हणालेही, “यंत्राचं आणि माझं एकच उत्तर आलं.”

“मग जेवा आता,” शिवगंगाबाई म्हणाल्या.

जेवले, पण घास गोड लागला नाही. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. पण तसं त्यांना रोजच वाटे, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही.

शनिवारी दुपारी वावटळ आली आणि गच्चीवरच्या पिंपांची झाकणं उडाली. सिद्धराम उन्हात शोधायला गेले. शेजारच्या अण्णारावांच्या गच्चीवर एक झाकण सापडलं. ते काखेत मारून मोठ्या समाधानानं घरी आले.

“दुसरं?” शिवगंगाबाईंनी विचारलं.

“दुसरं कुठलं?”

“अहो, दोन पिंपं उघडी पडलीत! एक घावलं की शोधायचं बंद करता होय? धूळ तुम्ही पिणार का?”

सिद्धराम झाकण हातात धरून उभेच राहिले. मग चपलाही न काढता आत गेले.

“आता काय झालं? मी आपलं झाकणाचं बोलले!”

त्यांचा प्रोग्रॅम हेच करत होता. एक उत्तर सापडलं की ‘झालं’ म्हणायचा आणि मारलेल्या सगळ्या हाका गुंडाळून परत यायचा. दुसरं उत्तर आहे का, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. पाहावं असं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. जन्मभर आपल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या माणसानं प्रोग्रॅम मात्र असा लिहिला होता की त्याला शंका म्हणून येऊ नये.

त्यांनी ‘झालं’ची ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं की उत्तर सापडलं तर मोजणीत एक मिळवायचा आणि जणू वाट चुकली आहे असं समजून मागं यायचं. मिळालं तरी मागं यायचं. सगळ्या वाटा संपेपर्यंत.

जुनं यंत्र कुरकुरत चाललं. सिद्धराम पडद्यासमोर खुर्चीच्या कडेला बसून होते. शिवगंगाबाई दारात आल्या आणि त्यांचा चेहरा पाहून परत गेल्या. पडद्यावर आकडा आला : दोन.

पुसलेल्या जागांपैकी चार चौकटींत तीन आणि आठ आपसांत अदलाबदल करू शकत होते. शेवटी पुसलेला आकडा त्यांतलाच होता.

फोन करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तीनदा नंबर लावून त्यांनी तो घंटी वाजायच्या आत तोडला. चौथ्यांदा ताहेरभाईंनी उचलला.

“आप्पा! तुम्ही अन् फोन? आज सूर्य कुठून निघाला?”

“पुरवणीचं पान... गेलं का?”

“कधीच! छापून बी होत आली. का बरं?”

“काही नाही,” सिद्धराम म्हणाले. “सहज विचारलं.” आणि त्यांनी फोन ठेवला.

“काय म्हणाले?” शिवगंगाबाईंनी विचारलं.

“मी सांगितलंच नाही.”

“अगं बाई! मग फोन कशाला केला, त्यांची तब्येत विचारायला?”

“छापून झालंय. आता काय उपयोग?” सिद्धराम अंथरुणाच्या कडेला बसले. “आणि सांगितलं तर कोडं बंद करतील. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत एवढ्या एकाच जागी माझं नाव येतंय.”

शिवगंगाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “अन् एखादीनं बरोबर उत्तर पाठवलं, आणि तिला म्हणाले तुझं चुकलं, तर? तिच्या दारात टँकर यायचा तो दुसरीकडं गेला तर? मागं त्या घागरीचं बघितलंत ना खिडकीतनं?”

सिद्धराम उठले. या वेळी नंबर पहिल्याच झटक्यात लागला.

त्यांनी ताहेरभाईंना सगळं सांगितलं. “आप्पा, गंमत करून राहिले का?”

“नाही.”

“या अल्ला. मालक मला उभा जाळतील.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हजारात एखाद्याला दुसरं उत्तर येईल. आपण बोललो न्हाई तर कुणाला कळतंय?”

“त्या एखाद्याचं बरोबर असेल आणि आपण त्याला चूक म्हणू.” सिद्धराम म्हणाले. “पहिलं पान अजून जायचंय ना? तिथं एक ओळ टाका. कोड्यात एक आकडा राहिलाय, तो भरून घ्यावा म्हणून.”

“हं. हे होईल.” ताहेरभाई म्हणाले. “छपाईची चूक म्हणून टाकतो. पान आमच्या हापिसातल्या साबेरानं लावलंय, तिच्यावर खपून जाईल. चार शब्द ऐकून घेईल बिचारी.”

सुटकेची वाट समोर उघडी होती. सिद्धरामांना ती स्पष्ट दिसली, आणि आपण त्या वाटेनं जाऊ अशी स्वतःचीच भीतीही वाटली.

“तिनं मी पाठवलं तसंच लावलं,” ते म्हणाले. “माझी चूक म्हणून टाका.”

“नावासकट?”

“नावासकट.”

“मालक कोडं बंद करतील, आप्पा. मला अडवता येणार न्हाई.”

“हाव,” सिद्धराम म्हणाले.

“बरं, आकडा सांगा.”

“थांबा. तो घालून एकदा बघू द्या.”

“थांबू? आप्पा, फोनवर?”

“थांबा!”

आपण कुणावर तरी ओरडलो हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. चौथ्या ओळीत, सातव्या जागी त्यांनी आठ घातला आणि प्रोग्रॅम चालवला. पलीकडून ताहेरभाईंच्या कचेरीतला पंखा ऐकू येत होता. वीज जायची वेळ झाली होती, आत्ता गेली तर सगळं पहिल्यापासून. शिवगंगाबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या आणि त्यांना न कळणाऱ्या त्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या.

एक.

“चौथी ओळ, डावीकडून सातवी चौकट, आठ,” सिद्धराम म्हणाले.

“पक्कं?”

“पक्कं.”

फोन ठेवल्यावर त्यांनी प्रोग्रॅम पुन्हा एकदा चालवून पाहिला.

रविवारी पहिल्या पानावर तळाला चौकट होती. कोडेकार सिद्धराम कोरे यांच्या चुकीमुळे, अशी सुरुवात होती. अण्णारावांनी ती गच्चीवरून मोठ्यानं वाचून दाखवली. “काय आप्पा, आकडे बी सांडले का वाटेत? आता त्याचाबी टँकर मागवा!” सिद्धराम दिवसभर बाहेर पडले नाहीत. सोमवारी ताहेरभाईंनी कळवलं की टँकर निलंग्याच्या लक्ष्मम्मा नावाच्या बाईंच्या दारात उभा राहिला, उत्तराबद्दल कुठं तंटा झाला नाही, आणि मालक अजून काही बोललेले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हाच जास्त भीती वाटते, असंही ताहेरभाई म्हणाले.

त्याच संध्याकाळी एक अनोळखी फोन आला.

“कोडंवाले आप्पा का? म्या सटवाजी, बिलोलीकडचा. नंबर पेपरवाल्यानं दिला. माझं उत्तर सगळ्यांच्या आधी गेलतं. पोरांनी नुसती आतली पुरवणीच दिली हातात, पहिलं पान बघितलंच न्हाई. पेपरवाले म्हणले, चूक हाय.”

ज्याला टाळण्यासाठी सगळं केलं, तो माणूस अखेर उगवलाच होता.

“चौथ्या ओळीत सातव्या जागी तुम्ही काय लिहिलं?”

“तीन.”

“त्याच ओळीत नववा?”

“आठ.”

“मग तुमचं चूक नव्हतं,” सिद्धराम म्हणाले. “छापलेल्या कोड्याचं ते दुसरं बरोबर उत्तर होतं. चूक माझी झाली. पाणी मात्र... पाणी मला देता यायचं नाही.”

शिव्या येणार म्हणून सिद्धरामांनी डोळे मिटून घेतले.

“पाण्याचं ऱ्हाऊ द्या,” सटवाजी म्हणाला. “कोडं जमलं व्हतं ना?”

“जमलं होतं.”

“थांबा, जरा घरच्यांना सांगा. लई हसाया लागलेत दोन दिवस.” फोन कुणाकुणाच्या हातात गेला, आणि सिद्धरामांनी एका बाईला, मग एका म्हाताऱ्याला, मग पुन्हा त्याच बाईला तेच वाक्य सांगितलं. शेवटी सटवाजी परत आला.

“पुढचं कोडं रविवारीच ना?”

“माहीत नाही,” सिद्धराम म्हणाले. “छापतील की नाही, अजून कळलेलं नाही.”

“तुम्ही पाठवा तर,” सटवाजी म्हणाला. “अन् दोनदा तपासा.”