बावीस वर्षांची मावशी

वॉर्डात करड्या कपड्यांतल्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, मग तिचं वय काहीही असो. ही बावीस वर्षांची होती आणि ऐंशीचे आजोबासुद्धा तिला "अहो मावशी, भांडं द्या" अशी हाक मारायचे. पहिल्या दिवशी तिला हसू आलं होतं. पुढे येईनासं झालं.

खरं म्हणजे ती नर्स होती. परीक्षा पास झालेली, रीतसर नोंदणी झालेली. पण जिथे जावं तिथे अनुभव मागायचे आणि तो द्यायला कुणी तयार नसायचं. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असला हा न्याय! शेवटी बाबा म्हणाले, "मदतनीस तर मदतनीस. एकदा आत पाय तर ठेव, पुढचं आपोआप होतं." आत्या मात्र शेजारीपाजारी "आमची पोर नर्स झाली" असंच सांगत फिरायची आणि हिला जिन्यावरून मान खाली घालून जावं लागायचं.

चादरी बदलणं, अंग पुसणं, भांडी धुणं यांबद्दल तिची तक्रार नव्हती. आजारी माणसाचं करण्यात कसली लाज? दुखणं होतं ते सुईचं. मदतनिसाने सुईला हात लावायचा नाही, लावला की नोकरी गेली, असा तिथला नियम. आणि हिच्या बोटांना तर शीर लगेच सापडायची. सुजलेल्या हातात, वाळक्या हातात, टोचून टोचून काळ्यानिळ्या झालेल्या हातातसुद्धा.

हे तिच्या वर्गमैत्रिणीला पक्कं ठाऊक होतं. मामाच्या वशिल्याने ती त्याच वॉर्डात सिस्टर म्हणून लागली होती, पण सलाईन लावताना तिचा हात थरथरायचा. मग पडदा ओढून ती कुजबुजायची, "ये ना गं, एवढी एकच." ही जायची, सुई लावायची आणि पडदा उघडायच्या आत पुन्हा भांडं उचलायची. सही मैत्रिणीची. हळूहळू बाकीच्या सिस्टरही पडदे ओढायला लागल्या. मेट्रनबाईंच्या कानावर जाऊ नये, एवढीच काय ती सगळ्यांना काळजी.

वर्षभराने सिस्टरची एक जागा निघाली. मुलाखतीला मेट्रनबाई स्वतः बसल्या होत्या.

"इथे आल्यापासून सलाईन किती जणांना लावलंस?"

खरं सांगावं तर आहे ती नोकरी जाणार, वर मैत्रीणही गोत्यात येणार. खोटं सांगावं तर अनुभव शून्य. इकडे आड, तिकडे विहीर.

"एकालाही नाही, मॅडम."

"मग हात राहिला असेल का तुझा? पेशंटच्या जिवाशी खेळ नको, बाई."

जागा मिळाली ती वर्षभर डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालणाऱ्या एका मुलीला. थेंबच घालायची, पण नर्स म्हणून घालायची. घरी बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी होईल," आणि हिचा सगळा राग त्या बिचाऱ्यांवर निघाला.

"आत पाय ठेव म्हणालात ना? तिथेच रुतलाय तो!"

नवी सिस्टर आली त्या दिवशी मेट्रनबाई तिला घेऊन थेट हिच्यापाशी आल्या. ही पलंग पुसत होती.

"हिच्याबरोबर राहा," त्या नवीला म्हणाल्या. "शीर कशी शोधायची ते हिच्याकडून शिकून घे."

हिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"वॉर्ड माझा आहे, मला माहीत नसेल?" मेट्रनबाई अगदी मायेने बोलल्या. "सिस्टर काय, ढिगाने मिळतात गं. तुझ्यासारखी मदतनीस मी कुठून आणू?"

"मदतनिसाने सुईला हात लावायचा नसतो, मॅडम," ती म्हणाली. "नियम आहे."

मेट्रनबाई नवीला तिथेच सोडून निघून गेल्या.

खिडकीजवळच्या बाईंना सलाईन लावायचं होतं. नव्या सिस्टरने एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं, माफी मागून तिसऱ्यांदा टोचलं. बाई कळवळल्या, "अगं, कुणीतरी जाणतं बोलवा गं!" हिला स्वतःची लाज वाटत होती, तरी दात आवळून तिने बाईंचं मनगट धरून ठेवलं, कारण हात धरणं हे मदतनिसाचं काम. शीर तिच्या अंगठ्याखालीच लागत होती. तिने सांगितलं नाही.