सोबतीचं माणूस

मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. नेणं-आणणं फुकट, जेवण फुकट, वर काळा चष्माही फुकट. फक्त सोबतीला एक माणूस आणायचं होतं, आणि लोणीच्या भागुजींकडे नेमकं तेवढंच नव्हतं.

भागुजी जुने गवंडी. निम्म्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या, आणि अजून एकही कललेली नाही. आता मात्र समोरून येणारा माणूस त्यांना चालण्यावरून ओळखावा लागे आणि ताटातली भाकरी चाचपून. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्यावर साय धरली होती. डोळ्यांच्या कॅम्पची गाडी याआधी दोनदा गावात आली, आणि दोन्ही वेळा भागुजी तिच्या दारातून परत फिरले.

"सोबत कोण?"

"कुणी न्हाई."

"मग पुढच्या वेळी या, बाबा."

घरात माणूस नव्हतं असं नाही. बायको होती, चिमाबाई. पण त्यांची आठवण उडून बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याला त्या कधी थोरला भाऊ समजत, कधी पावणा. दार उघडं दिसलं की माहेरच्या वाटेला लागत. म्हणजे एक माणूस डोळ्यासाठी हवं आणि दुसरं घरी चिमाबाईंसाठी. मुलगा कपिल चाकणला कंत्राटावर कामाला. "रजा टाकली की ठेकेदार दुसरा माणूस घेतो, बाबा," तो फोनवर म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेजारणी घटकाभर बसत, पण रात्र कोण काढणार? ज्याचं त्याचं ओझं ज्याच्या त्याच्या डोक्यावर.

म्हणून सगळं भागुजीच करत. स्वयंपाक, तिची आंघोळ, वेणी, साखरेच्या आजाराच्या गोळ्या. हेच सुनेनं केलं असतं तर गावाला दिसलंही नसतं. म्हातारा पुरुष करतो म्हणून गाव दारात थांबायचं, "लई करता राव तुमी," म्हणायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. कौतुकानं भांडी घासली जात नाहीत, हे भागुजींना एव्हाना कळलं होतं.

तिसऱ्यांदा गाडी यायची होती तेव्हा गावची आशा कार्यकर्ती, स्वप्ना, घरी आली. तिनं मोबाईलच्या उजेडात डोळा बघितला. "बाबा, ह्या वक्ताला चुकवू नका. लई पिकलाय. पुढं डॉक्टरच्याबी हातात राहायचं न्हाई."

भागुजी आंधळेपणाला भीत नव्हते. पण आपण आंधळे झालो तर हिला घास कोण भरवणार, याला भीत होते. मग त्यांनी एक ठरवलं, आणि कुणाला सांगितलं नाही.

गाडी आली त्या दिवशी त्यांनी चिमाबाईंना निळं पातळ नेसवलं, तेही लांब, पावलं झाकतील असं, कारण अलीकडे त्या पायात चप्पल घालू देत नव्हत्या. दोघं गाडीच्या दाराशी उभी राहिली.

"सोबत कोण?" कार्यकर्त्यानं विचारलं.

"ही काय. मालकीण."

चिमाबाईंनी हात जोडले. "जय भीम," त्या खणखणीत म्हणाल्या. डोक्यातलं बाकी सगळं गळून गेलं होतं, तेवढं राहिलं होतं.

"जय भीम, आजी. झ्याक हाय की तब्येत," तो म्हणाला, आणि त्यानं नाव लिहून घेतलं. भागुजी गाडीत बसले. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं, मग वाटलं, खोटं तरी काय त्यात? लग्न झाल्यापासून सोबतीला तीच तर होती.

दवाखाना हायवेला, एका ट्रस्टचा. तिथं अर्ध्या तासात बिंग फुटलं. अश्विनी नावाची सिस्टर डोळ्यात थेंब घालायला आली, तर चिमाबाईंनी तिचा हात धरला. "कुणाची गं तू? दादा, हिला चहा कर."

सिस्टरनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग भागुजींकडे. "बाबा, सोबतीला आणलंय का सांभाळायला आणलंय?"

भागुजींना थकवा आला. इतकी वर्षं अंगात मुरलेला सगळा थकवा त्या एका प्रश्नानं वर आला. "दुसरं कोण आणू, बाई? नसल चालत तर जातो माघारी," ते म्हणाले.

सिस्टरनं त्यांना भिंतीकडची कॉट दिली आणि शेजारची आजींसाठी मोकळी ठेवली. ऑपरेशन होईपर्यंत चिमाबाईंना स्वतःजवळ बसवून घेतलं. पट्टी बांधून बाहेर आल्यावर भागुजींनी बायकोच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधलं, म्हणजे ती उठली तर कळेल. अशी ती दोघं झोपली.

सकाळी पट्टी निघाली. आधी उजेडच उजेड, मग हळूहळू त्यात वस्तू उमटल्या. सिस्टरचा चेहरा, खिडकी, समोरची भिंत. "गिलाव्याला पोट आलंय की," भागुजी म्हणाले, आणि सिस्टर हसली. त्यांनाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

मग त्यांनी शेजारच्या कॉटकडे पाहिलं. चिमाबाई कडेला बसल्या होत्या, पाय खाली सोडून. किती वाळली ही. गालांची हाडं वर आली होती. त्यांची नजर खाली गेली. उजव्या पायाचं शेवटचं बोट काळं पडलं होतं, बाजूला पू धरला होता आणि त्यावर माशी बसली होती.

भागुजी बघतच राहिले. हा पाय ते रोज धूत होते. धुताना ती पाय आखडून घ्यायची, किंचाळायची, आणि ते तिला दटावायचे. डोकं फिरलंय म्हणून असं करते, असं ते धरून चालले होते. तिला सांगता येत नव्हतं आणि त्यांना दिसत नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि सिस्टर म्हणाली, "बाबा, रडू नका, डोळ्याला चालत नाही."

तिनं जखम धुऊन पट्टी बांधली. "इथं फक्त डोळ्यांचंच बघतात. आजच्या आज मंचरच्या सरकारी दवाखान्यात न्या, घरी जाऊ नका." मग तिनं नेमून दिलेल्या सूचना वाचल्या. वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. धुरापुढे बसायचं नाही. थेंब वेळच्या वेळी दुसऱ्याकडून घालून घ्यायचे. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. भागुजी मान हलवत राहिले. कुणाकडून, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी स्वप्नाला फोन लावला. "ताई, हिच्या पायाचं बोट काळं पडलंय. तुमी घरी येत व्हता, तुमाला दिसलं न्हाई का?"

"मी तुमच्या डोळ्याच्या कामाला येत व्हते, बाबा. आजी पाय झाकून बसायच्या. मी इचारलंबी न्हाई." मग ती म्हणाली, "निघा तुमी. मी मंचरला येते."

तिच्यावर रागवायचंही भागुजींच्या अंगात त्राण नव्हतं. आणि कोणत्या तोंडानं रागवणार? पाय तर त्यांच्या हातात होता.

मंचरला तरुण डॉक्टर होता, सकाळपासून उभा असलेला. त्यानं पट्टी सोडली, दाबून पाहिलं. चिमाबाई ओरडल्या आणि भागुजींच्या दंडाला बिलगल्या.

"बोट काढावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "पाय वाचेल असं वाटतंय. पण हे महिन्याभराचं तरी आहे, बाबा. इतके दिवस काय करत होतात? घरात कुणाला दिसलं नाही?"

भागुजींनी काळा चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लालभडक होता आणि त्यातून पाणी वाहत होतं.

"घरात आमी दोघंच, साहेब," ते म्हणाले. "मला आज सकाळी दिसलं."