वाटणीत फुटलेली जोडी

मी एक जुनी स्की आहे. बर्फावरून घसरत जायची लांब फळी. खरं म्हणजे मी अर्धीच आहे, कारण स्कीची जोडी असते, एका पायाला एक. मित्रांनो, तुमच्या पायातली एक चप्पल कोणी उचलून शेजाऱ्याला दिली, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? तेच मी म्हणते, आणि तोंडावर म्हणते.

परदेशातल्या एका कारखान्यात लाकडाच्या पट्ट्या चिकटवून, कडेला पोलाद लावून मला आणि बहिणीला एका मापात घडवलं. एका गिर्यारोहकाबरोबर आम्ही काश्मीरला आलो. पुणतांब्याकडचा पुंजाराम तिथे फौजेत होता. हिमवादळात त्याने त्या पाहुण्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. जाताना पाहुण्याने तीन जोड्या पुढे ठेवल्या, "यातली एक तुझी."

पुंजारामने बैल पारखावा तशी पारख केली. पहिली जोडी अरुंद. दाबून गुळगुळीत केलेल्या उतारावर ती भन्नाट पळायची, पण भुसभुशीत बर्फात रुतायची. दुसरी रुंद. ताज्या बर्फावर तरंगायची, पण कडक उतारावर तिची कड धरायची नाही. आम्ही मधल्या. बुटाची टाच फळीला धरून ठेवणारी आमची तार सोडली की टाच उचलून डोंगर चढता येई, अडकवली की आम्ही उतरायला तयार.

बरोबरचा योसेफ, नगरचा, हसला. "पुंज्या, लेका, शर्यतीचा बैल सोडून हे काय धरलंस?"

"शर्यतीचा बैल नांगराला चालतो व्हय? मला गाडीलाबी पायजे अन् नांगरालाबी."

नोकरी संपवून त्याने आम्हांला गावी आणलं. लोकांनी खिदळून घेतलं. "फौजेतनं काय आणलं, तर पापड वाळवायच्या फळ्या!" फक्त त्याच्या आईने, गोजरबाईने, खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांशेजारी आम्हांला मांडून हळदकुंकू वाहिलं. लेकाचं हत्यार होतं ते.

बहात्तर साली पाऊस फिरकलाच नाही. घरात कुरबुर वाढली, धाकटा भिमाजी वाटणी मागू लागला. त्याच सुमारास योसेफ निरोप घेऊन आला. काश्मिरात स्की शिकवायला माणूस हवा होता. उतारावर शिकवायचं आणि पोरांना मागच्या डोंगरातही न्यायचं. "पण जोडी आपली आपण आणायची, बरं का. तुझ्यासारखी, दोन्हीकडं चालणारी." पुंजारामचा चेहरा उजळला. गाडीची चौकशी करायला तो नगरला गेला.

भिमाजीला तेवढाही धीर नव्हता. त्याने मागे पंच बसवले. भांडी वाटली, घोंगड्या वाटल्या, मधे भिंत ठरली. मग पंचांतले रंगनाथअण्णा कोपऱ्यात उभ्या आमच्याकडे बघून म्हणाले, "दोन भाऊ, दोन फळ्या. एकेक घ्या."

"आवो अण्णा, जोडी हाय ती!" गोजरबाई ओरडली.

"वैनी, वाटणी म्हंजे वाटणी. मागनं तक्रार नको."

काय न्याय! बर्फ बापजन्मात पाहिला नाही, आणि निवाडा मात्र स्कीचा! भिमाजीने माझ्या बहिणीचं वळलेलं टोक करवतीने उडवलं, तार उपटून बैलाच्या खुंट्याला गुंडाळली आणि तिचा दाराचा अडसर केला. मधल्या भिंतीत व्हायच्या दाराचा. भावाने येऊ नये म्हणून.

पुंजाराम परतला. कापलेलं टोक हातात घेऊन उभा राहिला.

"फळीच तर हाय, दादा," भिमाजी म्हणाला. "तुझी तुला अख्खी ठिवली की."

अख्खी! अख्खी असूनही मी एकटी कुचकामी आहे, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? काश्मीरला दुसराच कोणी गेला. त्या हिवाळ्यात पुंजाराम दुष्काळी कामावर खडी फोडत होता.

पुढच्या खंडेनवमीला गोजरबाईने मला हळदकुंकू लावलं. मग ताट घेऊन ती भिंतीपलीकडे गेली.

"आये, अडसराला कुठं कुंकू लावत्यात का?" भिमाजीचा आवाज आला.

"अडसर तू केलास. माझ्या लेकाच्या पायातली जोडी हाय ती."

मित्रांनो, वाटायचं तर खुशाल वाटा. पण एखादी वस्तू कशासाठी घडली, हे ठाऊक नसेल, तर करवत उचलण्याआधी तिच्या धन्याला घरी येऊ द्या. दिवेलागणीला पलीकडे दार लागतं, अडसर खटकन बसतो. तेवढीच माझ्या बहिणीची खुशाली मला कळते.