कृपया प्रतीक्षा करा

फोन कंपनीचा नंबर लावून तिने मोबाइल स्पीकरवर टाकला, आणि पलीकडून ती स्वतःच बोलू लागली.

“नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.”

तिचं कामच ते होतं. काचेच्या बंद खोलीत बसून फोन कंपन्यांसाठी असली वाक्यं रेकॉर्ड करायची. अर्ध्या शहराला तिने आजवर ताटकळत ठेवलं होतं. आज तिची पाळी होती. समोर नणंद मटार सोलत बसली होती. भाऊ गेल्यापासून तिचा मुक्काम इथेच होता. उद्या ती निघणार होती, आणि निघण्याआधी भावाचा फोन बंद करून टाकायचाच, असं तिने मनाशी घेतलं होतं. माणूस जाऊन महिना उलटला तरी त्याचा फोन वाजत होता. कुणी कर्ज घ्या म्हणायचं, कुणी प्लॉट घ्या म्हणायचं. वहिनी प्रत्येक वेळी फोन उचलायची, “ते बाहेर गेलेत” एवढंच सांगायची आणि तो परत चार्जिंगला लावायची. नणंदेला ते बघवत नव्हतं.

त्यातून वहिनी रडतही नव्हती. नणंदेला ते फार लागत होतं. खरं तर वहिनीलाही लागायला हवं होतं, पण दात काढताना गाल बधिर करतात ना, तसं तिचं सगळंच झालं होतं. चहा गरम आहे की गार, हेसुद्धा तिला दुसऱ्याने सांगावं लागत होतं.

“नवीन जोडणीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी दोन दाबा.”

बंद करायला कितवा आकडा, नणंदेने विचारलं. शेवटचा, वहिनी म्हणाली. तो मुद्दाम शेवटी ठेवतात. तिथवर पोचेपर्यंत लोक कंटाळून फोन ठेवतात.

शेवटी एक माणूस लाइनवर आला.

“माझे पती वारले. त्यांची जोडणी बंद करायची आहे,” ती म्हणाली. शब्द न् शब्द सुटा, स्वच्छ, संथ.

मग तो शेजारच्या कुणाला तरी म्हणाला, की मशीन अजून बडबडतंय रे, आणि त्याने फोन ठेवून दिला.

पुन्हा पहिल्यापासून सगळं. नणंद म्हणाली, इतकं गोड बोलून लोकांना असं बसवून ठेवतात का गं? वहिनी म्हणाली, गोड बोललं नाही तर लोक बसत नाहीत.

योगायोगाने तोच माणूस पुन्हा लाइनवर आला. या वेळी तिने आधीच सांगून टाकलं, “मी मशीन नाही. मी बोलतेय.” त्याला भलतंच कौतुक वाटलं. नवीन आलंय वाटतं, आता असंही म्हणतं, असं तो शेजारच्याला सांगू लागला. नणंदेचा संयम सुटला. मटारचं ताट बाजूला सारून तिने मोबाइल ओढून घेतला, ही माझी वहिनी आहे, माझा भाऊ गेलाय, जरा लाज बाळगा, असं त्याला फैलावर घेतलं, आणि त्याच दमात वहिनीलाही सुनावलं, की तूही जरा रडून सांग की!

मशीनला नणंद नसते, हे त्याला पटलं असावं. तो एकदम वरमला. चारचारदा माफी मागून त्याने नवऱ्याचं नाव, पत्ता विचारून घेतला.

“बंद करू ना मॅडम? एकदा केला की परत चालू होणार नाही.”

तिने चार्जिंगला लावलेल्या त्या फोनकडे बघितलं.

“करा,” ती म्हणाली. त्याच आवाजात.

झालं एकदाचं, म्हणून नणंद मटार घेऊन स्वयंपाकघरात गेली. ती तिथेच बसून राहिली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने स्वतःच्या मोबाइलवरून नवऱ्याचा नंबर लावला आणि कानाशी धरला.

“आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.”

हे वाक्य आपण बोललो होतो, हे ती विसरूनच गेली होती. पहिल्यांदा ते जड निघालं होतं आणि रेकॉर्डिंगवाल्याने तिला थांबवलं होतं. ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका, साधा नंबरच तर आहे, असं तो म्हणाला होता. मग तिने ते हसतमुखाने बोलून टाकलं होतं.

“कृपया क्रमांक तपासून पुन्हा प्रयत्न करा.”

तिने एकेक आकडा बोट ठेवून तपासला. सगळे बरोबर होते. तिने पुन्हा लावला, या वेळी स्पीकरवर. पुन्हा तोच आवाज, तितकाच प्रसन्न.

“वहिनी, कुणाशी बोलतेयस गं?” आतून नणंदेने विचारलं.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना.