अंगठाभर जास्तीचं माप

सांगा बरं मंडळी, भरवसा ठेवावा कुणावर? गोड बोलणाऱ्यावर, की पुढ्यात मोजून देणाऱ्यावर? मी कपडा मोजायची लोखंडी मीटरपट्टी बोलतेय. अंगावर सरकारी शिक्का आहे, म्हणून एवढ्या ऐटीत विचारते.

दिल्लीच्या सरोजिनी नगरात गुणवंत साळव्यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. माल पानिपतचा, मालक नगरकडचे मराठी ख्रिस्ती. पत्नी सरलाताई केंद्र सरकारच्या ऑफिसात, म्हणून राहायला जवळच क्वार्टर. गुणवंतरावांची एक रीत होती. दर मीटरला माझ्या टोकाशी अंगठा धरायचा आणि पुढचं माप अंगठ्याच्या पलीकडून सुरू करायचं. तेवढं गिऱ्हाइकाला वरचं. एक बाई घासाघीस करून दमल्या, तेव्हा म्हणाले, "बहेनजी, भाव नहीं छोडूंगा, अंगूठा छोडूंगा!" बाई हसल्या आणि पडदे घेऊन गेल्या.

मुलगी उत्तरा माझ्याशी खेळतच मोठी झाली. आर्किटेक्चर शिकली, पुढं नगररचनेला प्रवेश मिळाला. फी मात्र घराच्या आवाक्याबाहेरची. नोएडातली एक संस्था अल्पसंख्याक मुलांना नगररचनेसाठी शिष्यवृत्ती द्यायची. ती मिळाली तर शिक्षण, नाहीतर प्रवेश सोडायचा, असं ठरलं. अट एकच: ओळखीची गल्ली स्वतः मोजून तिचा नकाशा आणा.

सोमवारी बाजार बंद. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून उत्तरानं मला उचललं. गल्लीत आडवं टाकलं, आणि दर वेळी टोकाशी अंगठा! मी मनात ओरडले, "अगं पोरी, ही गल्ली आहे, गिऱ्हाईक नाही!" पण लोखंडाचं ऐकतं कोण?

मुलाखतीला तिनं मलाही नेलं, कशानं मोजलं ते दाखवायला. संस्थेच्या धीरज सरांनी नकाशा पाहिला. "उत्तराजी, इसमें तो फायर ब्रिगेड की गाडी फँस जाएगी. यानी दुकानें तोडनी पडेंगी?"

उत्तरा चमकली. गेल्या दिवाळीत आगीचा बंब त्याच गल्लीतून जाताना तिनं पाहिला होता. तिनं मला घेतलं, समोरचं टेबल मोजलं, आणि नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली.

"सर, चूक माझी," ती हिंदीत म्हणाली. "आमच्या दुकानात कापड असं मोजतात. दर मीटरला अंगठाभर सुटत गेलं, म्हणून गल्ली कमी भरली. हा नकाशा धरू नका. परत मोजून आणते."

सरांनी आठवड्याची मुदत दिली. बाहेर गुणवंतराव वैतागले. "अगं, गप्प बसता आलं नाही? किती मुलं लाइनीत आहेत, बघतेस ना?"

"बाबा, कापडात चुकलं तर पडदा लांब होतो. इथं चुकलं तर कुणाचं तरी दुकान जातं."

त्यांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "चलो, टेपचं दुसरं टोक मी धरतो."

नव्या नकाशात बंब चार बोटं राखून पार झाला. महिन्याभरानं फोन आला, शिष्यवृत्ती मिळाली! सरलाताईंनी ऑफिसभर रसगुल्ले वाटले. गुणवंतराव तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "मेरी बेटी शहर बनाएगी!"

उत्तरा आता हॉस्टेलवर आहे. मी दुकानातच, शिक्का पुसट होत चाललाय. माझं एवढंच ऐका: देताना हात खुशाल सैल सोडा, पण मांडाल तो आकडा खरा मांडा. हिशेब चोख ठेवा मंडळी, त्यावर उद्या कुणीतरी घर बांधणार असतं.