कुंकवाचा दाणा

या, जवळ सरका. मागच्यांनी खांबाला टेकून पेंगू नका. आज एका दाराची गोष्ट सांगायची आहे, आणि ती थंड डोक्याने सांगता येणार नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत डिझाइनप्रमुख केदारने टेबलावर एक कागद उलगडला. कागदात कुंकू लागलेला तांदळाचा दाणा.

"हे घ्या कारण. चाचणीच्या खोलीत सापडलं."

माणसं अंतराळात नेणाऱ्या नव्या रॉकेटसाठी इथे दार घडत होतं. दसऱ्यानंतरच्या चाचणीत त्या दारातून हवा गळली. खंडेनवमीला फिटर राघोने हत्यारांची पूजा केलेली. त्याचीच अक्षत दाराच्या रबरी कड्यात अडकली, म्हणे! डिझाइन निर्दोष, राघोला नारळ.

सरोजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाराचे हिशेब तीच तपासायची.

"केदार, कडं बसतं ती खाच खोल झालीय. थंडीत रबर आकसतं, दाराला टेकतच नाही. मी श्रावणातच सांगितलेलं."

"ताई, आता डिझाइन उघडलं तर वर्ष गेलं समजा. आणि तुम्ही तर देवभक्त! डोंबिवलीतलं एक कीर्तन सोडत नाही."

"म्हणूनच बोलतेय! स्वतःची चूक देवाच्या ताटात वाढतोस? आत माणसं बसणार आहेत रे!"

फाटकाशी राघो हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता.

"ताई, मी पाने पुजले, हातोडे पुजले. दाराला लांबूनच हात जोडले. तिथं मी तांदूळ टाकीन का?"

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रॉकेटवाले पाहुणे आले. त्यांच्यादेखत सरोजने दार स्वतः पुसलं, नवं कडं बसवलं, दार थंड पेटीत ठेवायला लावलं. ना हळद, ना कुंकू, ना अक्षत. दाबाचा काटा मुकाट खाली घसरत गेला.

"बदलू खाच," केदार पुटपुटला.

"आणि राघो?"

"त्याला परत घेतलं तर आपण चुकलो असं होईल ना, ताई."

"चुकलोच आहोत!"

तिने टेबलावर हात आपटला. कप हलले. माणसं हलली नाहीत.

नवी खाच झाली, दार टिकलं, केदारचा सत्कार झाला. पुढच्या खंडेनवमीला कंपनीत पूजेला बंदी. सरोज सुट्टी टाकून टिटवाळ्याला गेली. तिथे एका नव्या इमारतीत राघो लिफ्टचं दार बसवत होता. बाजूला फडक्यावर पाने मांडलेले, प्रत्येकावर झेंडूची पाकळी.

"आपलं दार गळायचं थांबलं ना, ताई?"

"थांबलं."

"मग झालं." त्याने तिच्या हातावर पेढा ठेवला.

पुढेमागे ते रॉकेट उडेल. माणसं आत बसतील, दार लागेल, तुम्ही टाळ्या वाजवाल. त्या टाळीआधी, दार लागताना, राघोची आठवण काढा. एवढंच मागणं.